पुन्हा चालवला तरी तोच अहवाल निघायला हवा: कोड, आलेख आणि मजकूर एकाच फाइलीत बांधायची रीत

अहवाल लिहून होतो, आलेख चिकटवून होतात, पीडीएफ पाठवायच्या बेतात असतो आणि साहेब म्हणतात, "ते बाजार बंद असलेले दिवस काढून टाक की जरा." काम दोन मिनिटांचं, निस्तरायला दुपार जाते. रबाळ्याच्या एका ऑफिसात मी असे पाच आलेख बदलायला बसलो होतो. चार बदलले, पाचवा राहिला, आणि मजकुरातली सरासरीही जुनीच राहिली. मीटिंगमध्ये समोरच्या गृहस्थांनी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला. पुढचं सांगत नाही.

यावरचा उपाय बहुतेकांनी ऐकलेला असतो: क्वार्टो, आर मार्कडाउन, ज्युपिटर. एकाच फाइलीत मजकूर आणि कोड, बटण दाबलं की आलेखांसकट अहवाल तयार, यालाच रेंडर करणं म्हणतात. तरी माझ्याकडे दर महिन्याला कोणीतरी 'रेंडर होत नाही' म्हणून लॅपटॉप घेऊन येतंच. गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. लोक आधी कन्सोलमध्ये, म्हणजे एकेक आज्ञा टाइप करून चालवायच्या खिडकीत, आठवडाभर विश्लेषण करतात, मनासारखे आलेख निघाले की शेवटच्या रात्री सगळा कोड दस्तऐवजात ओततात, आणि मग तो सतरा ठिकाणी अडतो. खालचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. दस्तऐवज आधी, विश्लेषण त्याच्या पोटात.

उदाहरण म्हणून वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतल्या कांद्याचे रोजचे दर आणि आवक घेऊ. हत्यार क्वार्टो आणि आर ही आकडेवारीची भाषा. ज्युपिटरवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा तुकडा आहे. आज्ञांची आणि सेटिंगांची नावं मी देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

## टप्पा १: सुरुवातीआधीची दोन कामं

आर आणि आरस्टुडिओ, म्हणजे आर लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, टाकून घ्या. आरस्टुडिओबरोबर क्वार्टो येतंच, वेगळं उतरवायची गरज सहसा पडत नाही. पीडीएफच्या मागे पहिल्या दिवशी लागू नका. त्यासाठी सहसा लाटेक्स नावाचं अक्षरजुळणीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि डेटा कच्चा असताना त्याच्याशी झटापट करण्यात काही हशील नाही. पहिला अहवाल एचटीएमएलमध्येच काढा.

दुसरं काम लोक हमखास विसरतात. आरस्टुडिओच्या टूल्समध्ये ग्लोबल ऑप्शन्स उघडा. तिथे जनरलमध्ये सुरू होताना जुनं वर्कस्पेस परत आणायची खूण असते, ती काढा. बंद करताना वर्कस्पेस साठवायचं का, तिथे 'नेव्हर' निवडा. ही खूण ठेवलीत तर परवा बनवलेलं 'कांदा२' नावाचं टेबल आजही मेमरीत जिवंत असतं. कोड त्याच्यावर चालत राहतो आणि ते टेबल बनवणारी ओळ तुम्ही कधीच पुसली आहे, हे कळतच नाही.

तपासणी: आरस्टुडिओ बंद करून पुन्हा उघडा. उजवीकडचा एन्व्हायर्नमेंटचा चौकोन कोरा दिसला पाहिजे.

## टप्पा २: फोल्डर

फाइल मेन्यूतून न्यू प्रोजेक्ट, मग न्यू डिरेक्टरी, मग क्वार्टो प्रोजेक्ट. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. मराठी नाव चालतंही, पण कुठलं तरी एखादं जुनं पॅकेज (आरला जोडायचा तयार कोडचा संच) त्यावर अडतं आणि कारण शोधता शोधता घाम निघतो.

आत तीनच उपफोल्डर करा: मूळ डेटा, तयार डेटा, निकाल. दस्तऐवज मात्र उपफोल्डरात टाकू नका, प्रोजेक्टच्या मुळाशीच ठेवा. रेंडर करताना क्वार्टो, काही वेगळं सांगितलं नसेल तर, दस्तऐवज ज्या फोल्डरात आहे तिथून पत्ते मोजतं, आणि कन्सोल मोजतो प्रोजेक्टच्या मुळापासून. दस्तऐवज उपफोल्डरात असला की तीच ओळ कन्सोलमध्ये चालते आणि रेंडरमध्ये 'फाइल सापडत नाही' म्हणते. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच.

सावधान: विंडोजवर डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हच्या ताब्यात असतो. सिंक चालू असताना फाइली मध्येच कुलूपबंद होतात आणि रेंडर अडकतं. प्रोजेक्ट सिंकच्या बाहेर ठेवा, प्रत हवी तर वेगळी काढा.

## टप्पा ३: मूळ डेटा उतरवा आणि त्याला हात लावू नका

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे आकडे मिळतात: परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. वाशीचा बाजार तिथे 'वाशी' म्हणून शोधलात तर हाती काही लागणार नाही. तो 'मुंबई - कांदा बटाटा मार्केट' या नावाने असतो. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरही हाच बाजार मिळतो, पण तिथे आवक टनांत आणि दर क्विंटलला. पणन मंडळाच्या तक्त्यात आवक क्विंटलमध्ये. एका टनाचे दहा क्विंटल. दोन्हीकडचे महिने एकाखाली एक जोडले तर आलेखात आवक एका रात्रीत दहापट होते आणि आपण त्यावर 'हंगामाची सुरुवात' असं भाष्य लिहून मोकळे होतो.

म्हणून डेटाशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. त्यात चार गोष्टी: कुठून उतरवला, कोणत्या तारखेला, कोणत्या तारखांपासून कुठपर्यंतचा, आणि प्रत्येक रकान्याचं एकक. पाच मिनिटं लागतात. सहा महिन्यांनी स्वतःच्याच फाइलीकडे परक्यासारखं बघायची वेळ येते तेव्हा हीच फाइल कामी येते.

मग मूळ फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली' करून टाका. हे तुमच्यापेक्षा एक्सेलसाठी आहे. सीएसव्ही फाइल नुसती 'बघायला' एक्सेलमध्ये उघडायची आणि बंद करताना सवयीने सेव्ह दाबायचं, इथे घात होतो. संगणक अमेरिकी तारीखपद्धतीवर असेल तर ३ एप्रिल म्हणून लिहिलेलं ०३/०४ एक्सेल ४ मार्च समजतं. १३/०४ मात्र त्याला कळत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर म्हणून तसंच राहतं. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची उलटापालट, बाकीचे जागेवर. वरवर बघून हे लक्षात येत नाही, आलेख काढला की रेघ वेड्यासारखी वरखाली नाचते. शिवाय सेव्ह करताना यूटीएफ-८ चा प्रकार निवडला नाही तर मराठी रकान्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात, ती परत मिळत नाहीत.

तपासणी: मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या पाच ओळी वाचा. तारीख कुठल्या क्रमाने आहे, रिकाम्या जागी काय लिहिलं आहे, आकडे मराठी आहेत की इंग्रजी, हे कागदावर टिपून घ्या. टप्पा ५ मध्ये लागेल.

## टप्पा ४: रिकामा दस्तऐवज आधी रेंडर करा

हा टप्पा सगळे गाळतात. एकही आकडा न वाचता, नुसतं शीर्षक, एक ओळ मजकूर आणि दोन अधिक दोन करणारा एक चंक (दस्तऐवजातला कोडचा तुकडा), एवढ्यावर रेंडर दाबा. अहवाल निघाला तर यंत्रणा ठीक आहे. पुढे काही मोडलं तर ते तुम्ही नंतर घातलेल्या ओळींमुळे, हे पक्कं होतं.

दस्तऐवजाच्या डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांमध्ये जो भाग असतो, त्याला यामल म्हणतात. तो फार तऱ्हेवाईक आहे. आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच हवी. अपूर्णविरामानंतर जागा सोडावी लागते. शीर्षकातच अपूर्णविराम असेल, जसा 'कांदा: आवक आणि दर', तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर पहिल्याच रेंडरला लाल अक्षरं.

याच भागात 'एम्बेड-रिसोर्सेस' हे 'ट्रू' करा. क्वार्टो एरवी आलेख शेजारच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतं आणि एचटीएमएल फाइल नुसती त्यांच्याकडे बोट दाखवते. ती एकटी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की पलीकडच्याला मजकूर दिसतो आणि आलेखांच्या जागी फुटक्या चित्राची खूण. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये घणसोलीपाशी मी मोबाइलवर एकाला असा अहवाल अभिमानाने उघडून दाखवला होता. तुर्भे येईपर्यंत त्याला समजावत होतो की आलेख खरंच काढले आहेत.

अहवाल मराठीत असेल तर आकृत्यांखाली येणारं 'फिगर' मराठी करून घ्या. यामलमध्ये 'क्रॉसरेफ'खाली 'फिग-टायटल' आणि 'फिग-प्रीफिक्स' या दोन्हीपुढे 'आकृती' लिहिलं की झालं.

## टप्पा ५: डेटा वाचणं

'सेटडब्ल्यूडी' ही कामाचं फोल्डर ठरवणारी आज्ञा दस्तऐवजात कुठेही नको. तुमच्या सी ड्राइव्हवरचा, तुमच्या नावाचा पत्ता दुसऱ्याच्या मशीनवर नसतो. पत्ता कायम प्रोजेक्टपासून द्या, किंवा 'हिअर' नावाचं पॅकेज वापरा, ते प्रोजेक्टचं मूळ स्वतः शोधतं.

वाचताना 'रीड-सीएसव्ही'ला प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः सांगा. त्याच्या अंदाजावर सोडू नका. बाजार बंद असलेल्या दिवशी आकड्याच्या जागी एखादी आडवी रेघ असते. ती रेघ दिसली की पूर्ण रकाना मजकूर ठरतो आणि सरासरी निघत नाही. 'एनए', म्हणजे 'माहिती नाही', म्हणून काय काय धरायचं, त्या यादीत रिकामी जागा आणि ती रेघ दोन्ही घाला. तारखेसाठी 'लुब्रिडेट'मधलं दिवस-महिना-वर्ष या क्रमाचं 'डीएमवाय' वापरा.

मराठी आकड्यांचा वेगळा इशारा देतो, कारण इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत तो नसतो. रकान्यात १२५० असं देवनागरीत लिहिलेलं असेल तर आरचं 'अ‍ॅज-न्यूमरिक' त्याला आकडा मानत नाही, एनए देतं आणि एक बारीकसा इशारा छापतं. पायथनचं 'इंट' मात्र तेच देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं. म्हणून पायथनमधून आरमध्ये आलेल्यांना हे उमगायला वेळ लागतो. आरमध्ये एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणारी 'सीएचएआरटीआर' नावाची आज्ञा आहे. तिला शून्य ते नऊ आधी देवनागरीत आणि मग इंग्रजीत द्या, आणि त्यानंतरच आकड्यात रूपांतर करा. हे काम मूळ फाइलीत शोधा-बदला करून उरकायचा मोह होईल. उरकू नका. फाइलीत हाताने केलेल्या बदलाची नोंद कुठेच राहत नाही, कोडमधल्या ओळीची राहते.

सावधान: 'वॉर्निंग: फॉल्स' हे सेटिंग सुरुवातीलाच लावून ठेवायची फॅशन आहे, अहवाल नीटनेटका दिसतो म्हणून. तो बारीकसा इशारा त्यातच गडप होतो. इशारे शेवटच्या दिवशी बंद करा, तेही प्रत्येक वाचून झाल्यावर.

## टप्पा ६: नाके बसवा

डेटा वाचल्याबरोबर पुढच्याच चंकात तपासण्या लिहा. डोळ्यांनी बघून 'ठीक वाटतंय' म्हणणं पहिल्या दिवशी चालून जातं, पुढच्या महिन्यात नवी फाइल आली की कोणी बघत नाही. 'स्टॉप-इफ-नॉट' ही आज्ञा अट मोडली की रेंडर तिथेच थांबवते. कांद्यासाठी मी या अटी लावतो:

- किमान दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त नाही, आणि सर्वसाधारण दर कमाल दरापेक्षा जास्त नाही.
- एका तारखेला एका जातीच्या कांद्याची एकच नोंद.
- सर्व तारखा ठरलेल्या कालावधीतल्या, एकही तारीख एनए नाही.
- परिमाणाच्या रकान्यात 'क्विंटल' सोडून दुसरं काही नाही.

शेवटच्या अटीने मला दोनदा वाचवलं आहे. वरची टनांची भानगड ती तिथल्या तिथे पकडते.

अहवाल मध्येच थांबला म्हणून चिडून 'एरर: ट्रू' लावू नका. त्याने चूक झाली तरी रेंडर पुढे रेटलं जातं आणि अहवालाच्या पोटात चूक झाल्याचा संदेश छापून बाहेर येतो.

## टप्पा ७: चंक कसे पाडायचे

एका चंकात एक काम. वाचणं वेगळं, तपासणं वेगळं, प्रत्येक आलेख वेगळा. प्रत्येकाला लेबल द्या. दोन चंकांचं लेबल एकच झालं तर रेंडर अडतं, आणि चंक कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या हातून हे होतंच. आलेखाच्या चंकाचं लेबल 'फिग' आणि आडवी रेघ यांनी सुरू करा, म्हणजे मजकुरात 'आकृती ३ पाहा' हा क्रमांक आपोआप येतो. मध्ये नवा आलेख घुसवला तरी क्रमांक चुकत नाहीत. लेबलात अंडरस्कोअर टाळा.

वाचकाला कोड दाखवायचा नसेल तर चंकागणिक लिहित बसू नका. यामलमध्ये 'एक्झिक्यूट'खाली 'एको: फॉल्स' एकदा लिहिलं की पुरे.

'कॅश' हे सेटिंग आधीचं उत्तर साठवून वेळ वाचवतं खरं, पण चंकातला कोड बदलला नसेल तर ते जुनंच उत्तर देतं. डेटाची फाइल बदलली हे त्याला कळत नाही. क्वार्टोचं 'फ्रीझ: ऑटो'ही दस्तऐवज बदलला का एवढंच बघतं, डेटाकडे बघत नाही. अहवाल दोन-तीन मिनिटांत निघत असेल तर दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. चहा घेऊन या.

नमुना निवड किंवा सिम्युलेशन असेल तर सुरुवातीला एकदाच 'सेट-सीड', म्हणजे यादृच्छिक निवड दर वेळी तीच येते. आणि गाळणीत 'सिस-डेट', म्हणजे आजची तारीख, कधीही वापरू नका. 'गेले तीस दिवस' असं कोडमध्ये लिहिलं की उद्या अहवालाचं उत्तर वेगळं येतं. कालावधीच्या दोन तारखा सुरुवातीच्या चंकात स्पष्ट लिहा.

## टप्पा ८: आलेख, आणि मोडणारी जोडाक्षरं

आलेख एक्सपोर्ट करून पुन्हा चित्र म्हणून घातला तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. तो चंकातूनच निघाला पाहिजे. रुंदी सात आणि उंची चार इंच हे मोजमाप बहुतेक ठिकाणी चालतं. ते चंकाच्या सुरुवातीला 'फिग-विड्थ' आणि 'फिग-हाइट'मध्ये लिहा.

आलेख काढणाऱ्या 'जीजीप्लॉट' पॅकेजची रेघ बंद दिवसांवरूनही सरळ पुढे जाते, जर ते दिवस तक्त्यातच नसतील. चार दिवस बाजार बंद होता हे वाचकाला दिसायलाच हवं. आधी सर्व तारखांचा पूर्ण तक्ता करा, बंद दिवसांना एनए द्या, रेघ तिथे आपोआप तुटते. एका दिवसाचं बेट रेघेत दिसत नाही, म्हणून वर ठिपकेही घाला.

आता मराठीचा मुद्दा. अक्षावर 'सर्वसाधारण दर, रुपये प्रति क्विंटल' लिहायचं आहे. काही मशीनवर, साध्या पीएनजी पद्धतीने काढलेल्या आलेखात, 'क्विंटल'चा पाय मोडलेला क वेगळा, व वेगळा आणि वेलांटी व च्या उजवीकडे लटकलेली असं दिसतं. फॉन्ट आहे, अक्षरंही आहेत, फक्त ती जोडणारा कोणी नाही. यावर माझ्याकडे कायम चालणारा उपाय 'रॅग' हे पॅकेज. ते टाकून घ्या आणि यामलमध्ये 'निटर'खाली 'ऑप्ट्स-चंक', त्याखाली 'डेव्ह: रॅग-पीएनजी' असं लिहा. फॉन्टचं नाव स्वतः द्या, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता. दोन्ही फुकट मिळतात आणि कुठल्याही मशीनवर टाकता येतात. विंडोजमधला निर्मला यूआय मॅकवर नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका. 'शोटेक्स्ट' पॅकेज वापरा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. ते फॉन्ट आणतं, पण जोडाक्षरं जोडत नाही.

पुढे पीडीएफ काढायचा झाला तर मजकुरासाठी 'पीडीएफ-इंजिन'समोर 'झीलाटेक्स' आणि 'मेनफॉन्ट'समोर देवनागरी फॉन्टचं नाव हवंच.

तपासणी: आलेखाचं शीर्षक तात्पुरतं 'क्विंटल, किमान, सर्वसाधारण' असं ठेवून रेंडर करा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षर तिन्ही एकदम कळतात.

## टप्पा ९: मजकुरातला आकडा हाताने लिहायचा नाही

माझ्या त्या मीटिंगमधली चूक इथली. आलेख सगळे सुधारतात, पण 'या काळात सरासरी दर इतका होता' या वाक्यातला आकडा कोणीतरी बोटांनी टाइप केलेला असतो. क्वार्टोमध्ये वाक्याच्या आतच कोड लिहिता येतो: उलट्या अवतरणात आर हे अक्षर, जागा, आणि जे हवं ते. रेंडर करताना तिथे उत्तर येतं. मात्र तिथे लांबलचक हिशोब लिहू नका. आधीच्या चंकात 'सरासरी-दर' असं नाव देऊन उत्तर ठेवा, वाक्यात फक्त ते नाव.

आकडा कसा दिसेल हेही ठरवावं लागतं. 'राउंड' नाही केलं तर दशांशांची शेपटी येते. मोठी आवक कधीकधी दहाच्या घातात छापली जाते. 'फॉरमॅट'ला स्वल्पविराम मागितला तर तो दर तीन आकड्यांनी देतो, म्हणजे बारा लाखांचे पहिले दोन आकडे आपल्या पद्धतीने वेगळे पडत नाहीत. लाखांत मोजणाऱ्या वाचकासाठी सुरुवातीलाच पाच-सहा ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहून टाका: शेवटचे तीन आकडे बाजूला, उरलेले दोन-दोन करून. तेच फंक्शन सगळीकडे.

आता एक सूक्ष्म चूक. आकडा आपोआप बदलतो, पण वाक्यातलं क्रियापद नाही. 'दर ८ टक्क्यांनी वाढला' या वाक्यात 'वाढला' हेही विश्लेषणाचं उत्तरच आहे. पुढच्या महिन्यात दर पडला की अहवाल निर्विकारपणे छापतो, 'दर उणे ५ टक्क्यांनी वाढला'. शब्दही कोडमधूनच निवडा: फरक शून्याहून मोठा असेल तर 'वाढला', लहान असेल तर 'घसरला', आणि चिन्ह काढून आकडा. मराठीत याला आणखी एक फाटा आहे. दर वाढला, पण आवक वाढली. म्हणून आवकीसाठी शब्दांची जोडी वेगळी ठेवा. एवढं करायचं नसेल तर वाक्य असं लिहा की क्रियापदच लागणार नाही: 'दरातील फरक: इतके टक्के'. रुक्ष आहे, पण खोटं नाही.

तपासणी: मूळ डेटाची प्रत घेऊन त्यातले सगळे दर दुप्पट करा आणि त्या प्रतीवर अहवाल काढा. अहवाल वाचताना जो आकडा दुप्पट व्हायला हवा होता आणि झाला नाही, तो हाताने लिहिलेला. ही युक्ती मला ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवली, आणि तिच्यातून एकही अहवाल पहिल्या फेरीत सुटलेला मी पाहिलेला नाही. माझेही नाहीत.

## टप्पा १०: पॅकेजांच्या आवृत्त्या बांधून ठेवा

कोड तोच, डेटा तोच, सीडही तोच, तरी उत्तर वेगळं येऊ शकतं. २०१९ मध्ये आर ३.६.० आलं तेव्हा 'सँपल' या आज्ञेची निवडपद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आवृत्तीतला नमुना त्याच सीडवर नव्या आवृत्तीत येत नाही. २०२० मध्ये आर ४.० ने टेबल वाचताना मजकुराचं आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांचा रकाना) करणं बंद केलं, आणि कित्येकांचे जुने कोड तिथे मोडले.

यासाठी 'आरएन्व्ह' पॅकेज. पहिला आलेख निघाला त्या दिवशी 'इनिट' चालवा, नवं पॅकेज टाकून वापरलं की 'स्नॅपशॉट'. प्रोजेक्टमध्ये लॉक फाइल तयार होते, तिच्यात आरची आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती लिहिलेली असते. दुसऱ्या मशीनवर 'रिस्टोअर' म्हटलं की तीच पॅकेजं येतात. आर स्वतः मात्र त्याने येत नाही, ते हातानेच टाकायचं. आणि स्नॅपशॉट कोडमध्ये ज्या पॅकेजांची नावं दिसतात तीच टिपतो. रॅगसारखं पॅकेज फक्त सेटिंगमध्ये असेल तर निसटू शकतं. लॉक फाइल उघडून त्याचं नाव शोधा, नसेल तर सुरुवातीच्या चंकात 'लायब्ररी'ने ते हाकारा आणि पुन्हा स्नॅपशॉट घ्या.

## ज्युपिटर वापरणाऱ्यांसाठी

वरचं जवळपास सगळं लागू आहे, धोका मात्र एक जास्त. सेल, म्हणजे नोटबुकातले कोडचे तुकडे, वरखाली कुठल्याही क्रमाने चालवता येतात. डावीकडच्या चौकटी कंसातले क्रमांक १, २, ३ असे सलग नसतील, तर पडद्यावरचं उत्तर कुठल्या क्रमाने आलं ते तुम्हालाही सांगता येणार नाही. पाठवण्याआधी 'रिस्टार्ट कर्नल अँड रन ऑल'. नोटबुक क्वार्टोतून रेंडर केलं तर क्वार्टो सेल पुन्हा चालवत नाही, फाइलीत साठवलेली जुनी उत्तरंच उचलतं. ताजी हवी असतील तर आज्ञेपुढे 'एक्झिक्यूट' जोडावं लागतं. डेटा बदलूनही आलेख बदलला नाही अशी तक्रार आली की मी आधी इथे बघतो.

## टप्पा ११: दुसऱ्याचा लॅपटॉप

आधी स्वतःच्या मशीनवर. आर रिस्टार्ट करा, निकाल आणि तयार डेटा हे दोन्ही फोल्डर रिकामे करा, आधी निघालेली एचटीएमएल पुसा, मग रेंडर. तयार डेटा पुसायला हात कचरत असेल तर समजा की तो मूळ डेटापासून कोडने बनत नाही, मध्ये कुठेतरी हाताचं काम आहे. ते शोधा आणि कोडमध्ये आणा.

दस्तऐवजाच्या शेवटच्या चंकात 'सेशन-इन्फो' (आर आणि पॅकेजांच्या आवृत्त्या छापणारी आज्ञा) ठेवा. वाचकाला नको असेल तर दुमडून ठेवा, काढू नका.

मग पूर्ण प्रोजेक्टची झिप करा. आरएन्व्हच्या आतलं 'लायब्ररी' फोल्डर वगळा, ते जड असतं आणि पलीकडे उपयोगी पडत नाही. बिंदूने सुरू होणारी 'आरप्रोफाइल' फाइल मॅकवर लपलेली असते, ती झिपमध्ये आली आहे ना ते बघा, नाहीतर पलीकडे आरएन्व्ह सुरूच होत नाही. झिप अशा कोणाला द्या ज्याने हा प्रोजेक्ट पाहिलेला नाही, आणि शेजारी बसा, पण बोलू नका. रिस्टोअर, रेंडर, बस. तो जिथे "आता काय करू?" विचारेल, ती सूचना तुमच्या टेक्स्ट फाइलीत लिहायची राहिली आहे. तोंडी उत्तर देण्याआधी ती तिथे लिहा, झिप नव्याने करा आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून चालवायला सांगा.